वाचकांचे प्रश्न : जपानी शिकण्यासाठी जपानला जाताना

अलीकडे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जपानी भाषेच्या विद्यार्थ्यांची पत्रे बरीच असतात. पुण्यामुंबईत जपानी शिकणाऱ्यांची संख्या पाहता त्यात नवल नाही. मात्र पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी ‘जपानी शिकून नोकरी लागेल का’ असे विचारले जात असे; आता ‘पदवी हातात येण्याआधीच जपानला जाऊन शिकू का’ असे विचारले जाते. त्यांतील काही पत्रे थोडक्यात आणि नावे वगळून उत्तरांसह देत आहे. पत्रांत येणारे एन-५ ते एन-१ हे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे स्तर आहेत; एन-५ सर्वांत सोपा, एन-१ सर्वांत अवघड. शुल्काचे आकडे आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी दूतावासाच्या आणि संबंधित विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या परिपत्रकाशी ते ताडून पाहावेत.

प्रश्न : सेन्सेई, मी पुण्यात जपानी हा मुख्य विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एन-४ उत्तीर्ण आहे, डिसेंबरमध्ये एन-३ देणार आहे. वर्षभरासाठी शिष्यवृत्तीवर जपानला जायचे तर कोणते मार्ग आहेत? वर्गातले काही जण म्हणतात की पदवी झाल्यावर निवांत जावे. (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : निवांत जाण्याचा सल्ला तुमच्या बाबतीत चुकीचा आहे, कारण तुमच्यासाठी सर्वांत चांगली असलेली शिष्यवृत्ती पदवी पूर्ण झाल्यावर मिळतच नाही. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या, म्हणजे ‘मेक्स्ट’च्या, शिष्यवृत्त्यांमध्ये परदेशी विद्यापीठांत जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकार आहे. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो ‘निक्केन्सेई’ या नावाने ओळखला जातो. मुदत साधारण एक वर्षाची असते, सुरुवात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, शिक्षणशुल्क भरावे लागत नाही, जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते आणि दरमहा १,१७,००० येन विद्यावेतन मिळते. अट अशी, की जाताना तुम्ही मायदेशातील विद्यापीठाचे विद्यार्थी असायला हवे आणि परत आल्यावरही असायला हवे, म्हणजेच परतून उरलेली पदवी पूर्ण करायची. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळे झालेले हुशार विद्यार्थी या एका अटीपाशी अडतात. दुसऱ्या वर्षात अर्ज करून तिसरे वर्ष परतल्यावर करणे हा हिशेब म्हणूनच सर्वांत सोयीचा पडतो.

अर्जाचे दोन रस्ते आहेत. एक दूतावासामार्फत, ज्यात लेखी परीक्षा आणि मुलाखत असते आणि अर्ज साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मागवले जातात. दुसरा विद्यापीठामार्फत, ज्यात तुमच्या विद्यापीठाशी करार असलेले जपानी विद्यापीठ तुमची शिफारस करते. दूतावासाच्या मार्गाने जाणाऱ्यांना सहभागी विद्यापीठांची माहिती देणाऱ्या ‘कोर्स गाइड’मधून आपली पसंती कळवावी लागते. ही पुस्तिका बहुतेक जण घाईघाईने चाळतात आणि टोकियो किंवा क्योटो एवढेच पाहून नावे भरतात. तसे करू नका. त्यातले अभ्यासक्रम दोन प्रकारचे असतात : काहींचा भर जपानची संस्कृती आणि समाज यांच्या अभ्यासावर असून भाषेचे वर्ग त्याला पूरक असतात, तर काहींचा भर मुख्यतः भाषेवर असतो. एन-३च्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थिनीने दुसरा प्रकार निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या प्रकारातील चर्चासत्रांत जपानी विद्यार्थ्यांच्या बरोबरीने बसावे लागते आणि तेथे एन-२शिवाय निभाव लागणे कठीण असते. अनेक विद्यापीठांत वर्षाअखेरीस जपानीतून एक अहवालही लिहावा लागतो, त्यामुळे विषयाचा विचार इथूनच करून जावा.

निवड झाली नाही तर दुसरा मार्ग विद्यापीठांमधील विद्यार्थी-देवघेवीचा आहे. त्यात शुल्क आपल्याच विद्यापीठाला भरायचे असते, तिकडचे माफ असते, आणि मुक्काम एक किंवा दोन सत्रांचा असतो. नागोया येथील नान्झान विद्यापीठाचे जपानी अध्ययन केंद्र, ओसाकाजवळच्या हिराकाता येथील कान्साई गाइदाई, टोकियोतील वासेदा विद्यापीठाचे जपानी भाषा केंद्र ही परदेशी विद्यार्थ्यांना जपानी शिकवणारी नावाजलेली ठिकाणे आहेत. परंतु या योजनेतून जाण्यासाठी आपल्या विद्यापीठाचा किंवा महाविद्यालयाचा त्यांच्याशी करार असला पाहिजे, ही चौकशी विभागप्रमुखांकडे आधी करावी. देवघेवीच्या विद्यार्थ्यांना ‘जासो’ या जपानच्या विद्यार्थी-साहाय्य संस्थेकडून दरमहा ८०,००० येन मिळू शकतात. त्यासाठी आपण थेट अर्ज करू शकत नाही, यजमान विद्यापीठ शिफारस करते आणि ती करताना आधीच्या वर्षाचे गुण ३ पैकी २.३० किंवा त्याहून अधिक आहेत का, हे पाहते. ‘भाषा चांगली आहे, बाकी विषय कसेही काढू’ असे म्हणणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात. त्यांचे नुकसान नेमके या ठिकाणी होते.

एक गोष्ट वेळापत्रकाची. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये असतात. त्यामुळे एप्रिलचा प्रवेश घेतला तर इकडचे सत्र अर्धवट सुटते. सप्टेंबरमध्ये जाऊन ऑगस्टमध्ये परतल्यास इकडचे एक वर्ष सलग बाजूला ठेवता येते, आणि ते वर्ष वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून एन-५ झालो आहे. एका एजंटाचे म्हणणे असे, की वर्षभर खंड घेऊन टोकियोच्या भाषाशाळेत जावे. पार्ट-टाइम कामातून सगळा खर्च निघतो आणि तिकडेच नोकरी लागत असल्याने पदवीसाठी परत येण्याचीही गरज पडत नाही. हे खरे आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : शेवटचे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे, म्हणून ते आधी घेतो. जपानमध्ये अभियंता, अनुवादक किंवा कार्यालयीन कर्मचारी म्हणून काम करण्यासाठी जो निवास-परवाना लागतो, त्याला विद्यापीठाची पदवी किंवा जपानमधील व्यावसायिक महाविद्यालयाची पदविका, अथवा दीर्घ अनुभव आवश्यक असतो. भाषाशाळेचे प्रमाणपत्र त्यासाठी पदवी म्हणून धरले जात नाही. तुम्ही एन-१ झालात तरी अभियांत्रिकी अर्धवट असेल तर हा दरवाजा बंदच राहील. २०१९ पासून ‘तोकुतेई गिनो’ नावाचा पदवीची अट नसलेला मार्ग सुरू झाला आहे. पण तो रुग्णशुश्रूषा, शेती, खाद्यप्रक्रिया, हॉटेल अशा क्षेत्रांतील कामांसाठी आहे. ती कामे कमी दर्जाची आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. तीन वर्षे अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाने ती वाट समजून-उमजून धरावी, एजंटाने गाफील ठेवले म्हणून तिच्यावर जाऊन पडू नये, इतकेच म्हणणे आहे.

आता खर्च. भाषाशाळेचे पहिल्या वर्षाचे शुल्क प्रवेशफीसह साधारण सात ते नऊ लाख येन असते. टोकियोत काटकसरीने राहिले तरी भाडे, जेवण, प्रवास, फोन आणि विमा मिळून महिना एक लाख येनच्या आसपास जातो. आठ लाख शुल्क आणि बारा लाख राहण्याचे धरले तर वर्षाला वीस लाख येन, म्हणजे शंभर येनला ५५ ते ६० रुपये या दराने अकरा ते बारा लाख रुपये होतात. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते, आणि शाळेच्या दीर्घ सुट्टीत दिवसाला ८ तास. टोकियोतील किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये ताशी १,१६३ येन झाले होते आणि ते जवळजवळ दरवर्षी वाढते. कागदावर त्या दराने गुणाकार केला तर महिन्याला सव्वा लाखाहून अधिक येन निघतात आणि एजंट हाच गुणाकार करून दाखवतो. प्रत्यक्षात एन-५च्या भाषेवर पहिले दोन-तीन महिने काम मिळणेच अवघड जाते, मिळाले तरी दर आठवड्याला पूर्ण २८ तास मिळत नाहीत आणि शुल्क मात्र बहुतेक शाळा वर्षाचे किंवा सहामाहीचे आगाऊ घेतात. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी २८ तासांची मर्यादा ओलांडणारे विद्यार्थी व्हिसाच्या मुदतवाढीच्या वेळी उत्पन्नाच्या कागदांवरून पकडले जातात आणि त्यांना परतावे लागते. थोडक्यात, कामातून महिन्याचे जेवणखाण आणि भाड्याचा काही भाग सुटेल. शुल्क घरूनच जाणार असे धरून चालावे.

भाषाशाळा वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. पदवी झाल्यावर वर्ष-दीड वर्षासाठी जाण्याचा तो चांगला मार्ग आहे. प्रवेश मुख्यतः एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतात, काही ठिकाणी जुलै आणि जानेवारीतही. एकूण मुक्काम दोन वर्षांपर्यंत असू शकतो. प्रवेशासाठी सहसा १५० तासांचे जपानीचे शिक्षण किंवा एन-५ पुरते. पण पुरते आणि योग्य यांत फरक आहे. हिरागाना-काताकाना या दोन लिप्या, क्रियापदांची रूपे आणि पहिल्या तीन-चारशे कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे, हे सारे नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन वर्गात जेवढे नीट शिकता येते तेवढेच टोकियोत शिकता येते, फक्त तिथे त्याला महिना दीड-पावणेदोन लाख येन पडतात. पदवी पूर्ण करा, त्या काळात इथेच एन-३पर्यंत या आणि मग निघा. शाळा निवडताना एवढे पाहा, की एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार तिला शिक्षण मंत्रालयाची मान्यता मिळाली आहे का. जुन्या शाळांना त्यासाठी मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे, त्यामुळे मान्यता नसली तरी शाळा बेकायदा ठरत नाही. पण ज्यांनी ती आधीच मिळवली त्यांच्या अभ्यासक्रमाची आणि शिक्षकांची छाननी झालेली असते.

प्रश्न : मी एन-३ चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले, तरी एक सलग वाक्य बोलताना मला घाम फुटतो. पुढच्या वर्षी एका सत्रासाठी जपानला जाणार आहे. तिकडे गेल्यावर बोलणे आपोआप जमेल का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपोआप जमत नाही, मात्र जमवायचे ठरवले तर तिथे जितके लवकर जमते तितके इथे जमत नाही. तुमच्या अडचणीत तुमचा दोष फारसा नाही. जेएलपीटी परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते, तेही पर्याय निवडून. तोंडी परीक्षा तिच्यात नाही आणि हाताने लिहिण्याचीही नाही. त्यामुळे वर्तमानपत्रातला सोपा लेख वाचू शकणारा, पण दुकानदाराचे एक वाक्य न समजणारा विद्यार्थी तयार होतो.

हे वाक्य कोणते ते सांगतो. जपानमध्ये उतरल्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही ‘कोनबिनी’त, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पाण्याची बाटली आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्याल. काउंटरवरचा मुलगा एका दमात विचारेल, ‘फुकुरो वा गो-रियो देस का?’ पिशवी हवी आहे का, एवढेच तो विचारतो आहे. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडू लागल्याने हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक काउंटरवर येतो. पुस्तकात ‘हवी आहे का’ यासाठी तुम्ही साधे रूप शिकलेल्या असता, तो आदरार्थी रूप वापरतो, शेवटचे स्वर गिळतो, आणि तुमच्या मागे चार माणसे उभी असतात. मग जेवणाचा डबा गरम करू का, पॉइंट कार्ड आहे का, असे आणखी दोन प्रश्न येतात. एन-३ झालेला विद्यार्थी इथे नुसती मान हलवतो आणि बाहेर येऊन स्वतःवर चिडतो. पंधरा दिवसांत हे प्रश्न अंगवळणी पडतात, पण त्यातून ध्यानात एवढे येते, की ऐकू येणारी भाषा आदराच्या पायऱ्यांनी भरलेली असते आणि त्या पायऱ्या वर्गात शेवटच्या धड्यांत उरकलेल्या असतात. जाण्यापूर्वी जो वेळ आहे, तो नवीन शब्द पाठ करण्यापेक्षा त्या धड्यांवर आणि रोज मोठ्याने वाचण्यावर घालवा. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतील बातम्या ऐकत ऐकत, निवेदकाच्या मागोमाग अर्ध्या शब्दाच्या अंतराने बोलत जाण्याचा सराव जिभेला सर्वांत लवकर वळण लावतो.

तिकडच्या वर्गात तुम्हाला दोन गोष्टी एकाच वेळी जाणवतील. चिनी सहाध्यायी कांजी पाहताच अर्थ ओळखतात. दैनंदिन वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ कांजींपैकी बहुसंख्य त्यांच्या ओळखीच्या असतात आणि वाचनाच्या तासाला तुम्ही मागे पडता. त्याने खचू नये. बोलताना मात्र मराठी माणसाला एक सोय असते : कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम, तसेच नामानंतर येणारे प्रत्यय आपल्या तोंडवळणी आधीच असतात, त्यामुळे वाक्य मनात उलटसुलट करावे लागत नाही. ही सोय इंग्रजीतून जपानीत भाषांतर करत बोलणारे विद्यार्थी स्वतःच्या हाताने घालवतात. मनात मराठीत वाक्य जुळवा आणि ते जपानीत उतरवा. अडखळणे निम्म्याने कमी होते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सहवासाचा भाग याहून महत्त्वाचा आहे. वसतिगृहात भारतीय मैत्रिणी, विद्यापीठात इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय आणि संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल, असे दिवस गेले तर सहा महिन्यांनी बोलणे होते तिथेच राहते. शक्य असल्यास जपानी विद्यार्थ्यांबरोबरच्या मिश्र वसतिगृहासाठी अर्ज करा. अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला एक जपानी विद्यार्थी ‘ट्यूटर’ म्हणून नेमून देतात. त्याचा उपयोग केवळ अर्ज भरून घेण्यापुरता करू नका. विद्यार्थी मंडळांत, म्हणजे ‘साकुरु’त, नव्या सभासदांची धामधूम एप्रिलमध्ये असते. सप्टेंबरमध्ये येणाऱ्याला कोणी हाक मारून बोलवत नाही, आपणच दार ठोठावावे लागते. अर्धवेळ काम करणार असाल तर तेही भाषेच्या दृष्टीने निवडा. डबे भरण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला रात्री दहानंतर पंचवीस टक्के जास्त वेतन मिळते, म्हणून मुलांचा ओढा तिकडे असतो. पण मास्क लावून पट्ट्यासमोर उभे राहण्याच्या त्या कामात रात्रभर एक वाक्य बोलावे लागत नाही आणि सकाळच्या वर्गात डोळे मिटतात. चार पैसे कमी मिळाले तरी उपाहारगृहातले किंवा दुकानातले काम घ्यावे. ग्राहकाचे बोलणे न समजून ओशाळे होणे हा त्या कामाचा भागच आहे आणि तो उपयोगी भाग आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. झाली असून तिला ऑक्टोबरमध्ये भाषाशाळेत जायचे आहे. सल्लागार संस्था तीन लाख रुपये आगाऊ मागते आणि ‘बँकेत शिल्लक दाखवण्याची व्यवस्था आम्ही करतो’ असे म्हणते. आम्ही काय करावे? (पालक, सोलापूर)

उत्तर : शिल्लक दाखवण्याची व्यवस्था करणाऱ्यांपासून दूर राहावे. विद्यार्थ्याचा खर्च कोण उचलणार, त्याचे उत्पन्न किती, कर भरलेला आहे का आणि बँकेतली रक्कम कशी साठत गेली, हे कागद जपानच्या इमिग्रेशन विभागाकडे जातात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात आलेली मोठी रक्कम त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि खोटा कागद एकदा सापडला की त्याची नोंद मुलीच्या नावावर राहते, सल्लागाराच्या नव्हे. तुमचे स्वतःचे उत्पन्न आणि बचत जशी आहे तशी दाखवा. मध्यमवर्गीय घरातल्या प्रामाणिक कागदांवर निवड होते.

पैसे भरण्याचा क्रमही समजून घ्या. अर्जासोबत शाळा वीस-तीस हजार येनच्या घरात निवडशुल्क घेते. नंतर शाळा तुमच्या वतीने इमिग्रेशनकडे कागद सादर करते, आणि मंजुरी मिळाल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ येते. वर्षाचे शुल्क या टप्प्यावर, थेट शाळेच्या जपानमधील बँक खात्यात भरायचे असते. ते प्रमाणपत्र तीन महिने वैध असते आणि त्यावर मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाकडून व्हिसा मिळतो. ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी शाळांचे अर्ज साधारण मार्च ते मे या काळात घेतले जातात, एप्रिलच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. त्याआधी तीन लाख मागणाऱ्याला, ते कशाचे, हे लेखी विचारा. बहुतेक शाळांत इंग्रजी पत्रांना उत्तर देणारे कर्मचारी असतात, त्यामुळे मध्यस्थाशिवायही प्रवेश घेता येतो. शिवाय विद्यार्थी आणल्याबद्दल काही शाळाच मध्यस्थांना मोबदला देतात, हेही पालकांना ठाऊक असावे.

प्रश्न : टोकियोपेक्षा क्योटो किंवा ओसाका बरे का? तिकडची बोली शिकलो तर पंचाईत होईल का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वर्गात सगळीकडे प्रमाण जपानीच शिकवतात, त्यामुळे पंचाईत होत नाही, ओसाकाची बोली कानावर पडली तर फायदाच आहे. भाषेच्या दृष्टीने मला मध्यम शहरे अधिक पसंत आहेत : ओकायामा, हिरोशिमा, फुकुओका, कानाझावा. भाडे कमी, गर्दी कमी आणि लोकांना तुमच्याशी बोलायला सवड असते. टोकियोत निशि-कासाईसारख्या भागात भारतीय वस्ती इतकी आहे, की तेथे राहून मराठी-हिंदी-इंग्रजीत दिवस काढता येतो. निशि-कासाई ज्यात येते त्या एदोगावा प्रभागाच्या स्थानिक सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातील गृहस्थ निवडून आले, यावरून तिथल्या वस्तीची कल्पना यावी. सणासुदीला तिकडे अवश्य जावे, मुक्काम दुसरीकडे ठेवावा.

प्रश्न : आमच्या घरी कांदा-लसूण चालते, पण मांस-मासे-अंडे नाही. निभेल का? कुकर आणि मिक्सर न्यावा का? (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : स्वतः रांधले तर निभेल, बाहेर खाण्यावर विसंबलात तर नाही. वरून निव्वळ भाज्यांचे दिसणारे सूप, उदोन नावाच्या जाड शेवया किंवा उकडलेली भाजी यांच्या रसात बहुधा ‘दाशि’ असते आणि ती वाळवलेल्या बोनितो माशाची असते. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगितल्यावर मासा वाढला जातो. म्हणून मांस, मासा आणि दाशि ही तिन्ही नावे घेऊन सांगावे. बाजारातल्या तयार करीच्या वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते, लेबल वाचून घ्याव्यात. तोफू, दूध, दही, तांदूळ आणि भाज्या सर्वत्र मिळतात, डाळी आणि चपातीची कणीक भारतीय किंवा नेपाळी दुकानांतून मागवता येते.

मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तेथे चालणार नाही. कुकर न्यायचा तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा न्या; वसतिगृहांत गॅसऐवजी बहुधा इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचा साधा कुकर तीवर तापत नाही. औषधांबद्दल विचारले नाहीत, तरी सांगून ठेवतो : सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असते, त्या जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. डॉक्टरांनी दिलेली इतर औषधे महिन्याभराच्या वापरापुरती, चिठ्ठीसह न्यावीत.

प्रश्न : पोहोचल्यावर पहिल्या काही दिवसांत कोणती सरकारी कामे करावी लागतात? (विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : मोठ्या विमानतळांवर निवासकार्ड तिथेच मिळते, अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज त्याच काउंटरवर देता येतो, तो भरूनच बाहेर पडा. राहण्याचे ठिकाण ठरल्यावर चौदा दिवसांच्या आत नगरपालिका कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आणि त्याच भेटीत राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा. या विम्यामुळे दवाखान्याच्या बिलाचा तीस टक्केच भाग आपल्याला भरावा लागतो. वीस वर्षे पूर्ण असतील तर निवृत्तिवेतन योजनेतही नाव घालावे लागते. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्याची जी सवलत आहे तिचा अर्ज त्याच दिवशी मागून घ्यावा.

आपल्याकडच्या मुलांना एक अडचण हमखास येते. पासपोर्टवर आपल्या नावाच्या रकान्यात वडिलांचेही नाव असते, ते सगळे निवासकार्डावर उतरते आणि बँकेच्या अर्जातल्या चौकटी अपुऱ्या पडतात. काताकानात नाव कसे लिहायचे हे निघण्यापूर्वीच शिक्षकांकडून ठरवून घ्या आणि विद्यापीठ, बँक, फोन, विमा या सर्व ठिकाणी अक्षरशः तेच लिहा. एका ठिकाणी दीर्घ आणि दुसरीकडे ऱ्हस्व झाले, तर शिष्यवृत्ती खात्यात जमा व्हायला महिना जातो.

प्रश्न : मी ठाण्याची असून सध्या नागोयात देवघेव योजनेवर आहे. जपानी विषयांचा ताण येतो म्हणून अर्धे विषय इंग्रजीतून घ्यावेत का? आणि आणखी एक सत्र राहता येईल का? (विद्यार्थिनी, नागोया)

उत्तर : ज्या कामासाठी तुम्ही तिथे गेलात ते काम ताणाचे आहे म्हणून टाळू नका, मात्र सगळे विषय जपानीतून घेऊन एकही नीट न होणे हेही योग्य नाही. भाषेचे तास पूर्ण ठेवा, जपानीतून एखादाच विषय असा घ्या की ज्याची माहिती तुम्हाला आधीपासून आहे, आणि उरलेला एखादा इंग्रजीतून घ्या. त्या एका विषयाच्या प्राध्यापकांना पहिल्या आठवड्यातच भेटून आपली पातळी सांगा. तासाला येण्यापूर्वीची वाचनसामग्री ते बहुधा आनंदाने देतात.

मुदत वाढवणे तुमच्या एकटीच्या हातात नाही. दोन्ही विद्यापीठांची संमती लागते, निवासाची मुदत वाढवावी लागते आणि शिष्यवृत्ती पुढच्या सत्राला मिळेलच असे नसते. त्याहून मोठा प्रश्न इकडच्या श्रेयांकांचा आहे. तिकडचे विषय इथल्या पदवीत धरले जातील असे विभागाने तोंडी सांगितले असेल, तर ते ईमेलवर लेखी घ्या, आणि निघण्यापूर्वी गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक विषयाची रूपरेषा व एकूण तासांची नोंद विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागून घ्या. ठाण्यात परतल्यावर हे कागद पत्राने मागवायला लागले, तर तोपर्यंत इथल्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत निघून जाते.